घासलेला १९११ आणि काळवंडलेला १९१८ : बाळीवेशीतल्या एका डब्याचं प्रकरण

एका रुपयाबद्दल तीन माणसांनी तीन मतं दिली होती आणि त्या तीन मतांवर एका घराची वाटणी अडली होती. रुपया पंचम जॉर्जचा, साल १९११, चांदीचा. घर सोलापुरातलं, बाळीवेशीच्या बाजूचं. आई गेल्यावर देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून एक पितळी डबा निघाला. त्यात अकरा रुपये होते, एक सोडून बाकीचे दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडायचे. वारस तिघं: थोरली अक्का, मधले अण्णा आणि पुण्याला नोकरी करणारा धाकटा.

अण्णांनी तो रुपया मंगळवार पेठेतल्या सराफ बाजारात दाखवला. तिथं त्यांनी तो तराजूत टाकला आणि चांदीच्या भावानं किंमत सांगितली. धाकट्यानं मोबाइलवर फोटो काढून एका खरेदीदाराला पाठवला. त्यानं ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे वापरात न फिरलेलं, असं लिहून सराफाच्या कितीतरी पट आकडा कळवला. अक्कांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी भिंग न लावताच सांगितलं, ‘घासलेलं नाणं आहे, संग्राहक याला हात लावत नाहीत.’

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं आणि तिन्ही निष्कर्ष चुकीचे होते. नाण्यावर झीज किती आणि नाण्याच्या पृष्ठभागाचं पुढं काय झालं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं एकत्र कालवली की असे गोंधळ होतात. अक्कांनी नाणं तपासायला मला निरोप पाठवला तेव्हा त्यांची मागणी साधी होती: ‘काय आहे ते कागदावर लिहून द्या, म्हणजे आमच्यात वाद राहायचा नाही.’

आधी नाणं कोणतं ते

पंचम जॉर्ज मे १९१० मध्ये गादीवर आला आणि १९११ साल घातलेली त्याची पहिली नाणी पाडली गेली. नाण्यावर मुकुटधारी राजाचा अर्धपुतळा आहे. अंगावरच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाची साखळी कोरलेली आहे आणि त्या साखळीत हत्ती आहे. या पहिल्या साच्यात हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारनं वाटप थांबवलं आणि १९१२ पासून सोंड व कान स्पष्ट दिसतील असा हत्ती कोरला गेला. कलकत्ता आणि मुंबई या दोन टाकसाळींत मिळून १९११ चे सुमारे ९४ लाख रुपये पडले होते. त्यांतले सुमारे ७ लाखच लोकांच्या हातात गेले, बाकीचे वितळवले गेले. संग्राहक याला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि त्याला बाजारात कायम मागणी असते.

ही हकिकत इथं सांगायचं कारण तपासणीशी जोडलेलं आहे. तो हत्ती रुपयाच्या मालिकेत फक्त १९११ चा आहे. त्यामुळे कुणी १९१७ च्या रुपयातल्या सातवर कोरणी चालवून त्याचा एक केला, तर साल १९११ आणि हत्ती मात्र लांब सोंडेचा अशी विसंगती उरते. या डब्यातल्या रुपयावर हत्ती आखूड सोंडेचाच होता. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली उठावदार ठिपकाही दिसला, म्हणजे मुंबई टाकसाळ. कलकत्त्याच्या नाण्यावर तो ठिपका नसतो.

मग वजन. त्या काळचा रुपया म्हणजे १८० ग्रेन, बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणून शुद्धता हजारात ९१७. शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम. सराफानं याच हिशेबानं भाव काढला होता आणि त्यात काही लबाडी नव्हती. तो चांदी घेतो, नाणं घेत नाही.

आमच्या काट्यावर रुपया ११.५९ ग्रॅम भरला. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार रुपयाचं वजन मूळ वजनापेक्षा २ टक्क्यांहून जास्त घटलं तर तो कायदेशीर चलन राहत नसे. ती मर्यादा ११.४३ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे या रुपयाची चांदी फारशी गेलेली नव्हती. घनतेसाठी पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. रुपया बारीक दोऱ्यानं बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडला. काट्यानं १.१२ ग्रॅम दाखवले, म्हणजे रुपयानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.५९ ला १.१२ नं भागलं की १०.३५ येतात आणि ९१७ चांदीची घनता तेवढीच असते. लोहचुंबकाला प्रतिसाद नाही, काठावरचे दाते सलग, ओतकामाची शिवण कुठं नाही. नाणं अस्सल होतं. इथपर्यंत कुणाला शंका नव्हतीच, पण हे न करता दर्जा ठरवायला बसणं मला पटत नाही.

झीज

बघायला आम्ही दोघं होतो. रेल्वे लाइन्स भागात राहणारे एक वयस्कर संग्राहक मी मुद्दाम सोबत घेतले होते. वाटणीच्या कामात एकाच डोळ्यावर भिस्त ठेवू नये. खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, कारण तिचा पसरट उजेड बारीक ओरखडे लपवतो. टेबलावर पिवळ्या बल्बचा एकच दिवा, खाली मऊ कापड, हातात सराफ वापरतात तसलं दहापट भिंग. नाणं काठावर धरायचं, अंगठा चेहऱ्यावर टेकवायचा नाही.

झीज नेहमी उंचवट्यांवरून सुरू होते. या रुपयावर ते उंचवटे म्हणजे राजाचा गाल, कानाची पाळी, दाढीचे केस, मुकुटाच्या कमानीवरचे मोती आणि झग्याचं नक्षीकाम. मागं बघायच्या त्या फुलांच्या कडा. त्या नक्षीत गुलाब, थिसल, शॅमरॉक आणि कमळ आहेत आणि मधल्या वर्तुळात इंग्रजी व फारसी लिपीत ‘एक रुपया’ आणि साल. इथं गाल सपाट होत आला होता, पण कानाची आतली घडी शाबूत होती. मुकुटाचे मोती बहुतेक मोजता येत होते, दोनतीन एकमेकांत मिसळले होते. दाढीचे केस खालच्या भागात वेगळे दिसत, वर गालाकडं ते विरून गेले होते. हत्तीच्या पायांमधली फट दिसत होती.

हत्तीवरून आमचा मतभेद झाला. माझ्या सोबत्यांना हत्ती झिजलेला वाटला आणि त्यांनी ‘व्हेरी फाइन’ म्हटलं. मला त्याच्या वरच्या दर्जाच्या, ‘एक्स्ट्रा फाइन’च्या उंबरठ्यावर वाटला. १९११ चा हत्ती मुळातच उथळ कोरलेला आहे. झीज मोजायची तर नव्या नाण्यावर तपशील किती होता हे आधी ठाऊक हवं. म्हणून त्याच सालाच्या न वापरलेल्या रुपयाचा मोठा फोटो शेजारी ठेवला आणि अंग अंग ताडून पाहिलं. हत्तीपुरतं माझं म्हणणं टिकलं. गालापुरतं त्यांचं.

आकड्यांबद्दल थोडं सांगायला हवं. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढं ती सगळ्या नाण्यांना लागू झाली. फाइन १२ पासून, व्हेरी फाइन २० ते ३५, एक्स्ट्रा फाइन ४० आणि ४५, अबाउट अनसर्क्युलेटेड ५० ते ५८, आणि ६० च्या पुढं अजिबात न फिरलेली नाणी. आपल्याकडचे जुने संग्राहक मात्र इंग्रजी पद्धतीचे शब्द वापरत आले आहेत आणि ती पद्धत जास्त कडक आहे. इंग्रजी पद्धतीत ज्याला एक्स्ट्रा फाइन म्हणतील ते नाणं अमेरिकी पट्टीवर पन्नाशीच्या पुढं जाऊ शकतं. माझे सोबती जुन्या वळणाचे, मी आकड्यांनी बोलणारा. आमच्यातला अर्धा मतभेद इथंच संपला. शेवटी आकड्यात लिहायचं ठरलं: तपशील ३५ ते ४०.

चमक

धाकटा व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, ‘काका, पण ते लखलखतंय की ओ. फिरलेलं नाणं एवढं पांढरं असतंय का?’

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता. पोलादी साचा चांदीच्या चकतीवर दाबला जातो तेव्हा धातू क्षणभर मधून काठाकडं सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक रेषा उमटतात. अस्सल टाकसाळी चमक या रेषांतून येते. एका दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करत फिरवलं की उजेडाचा पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा मधल्या बिंदूभोवती फिरत जातो. झीज झाली की आधी उंचवट्यांवरच्या रेषा पुसतात आणि तो पट्टा तिथं तुटतो. घासलं की मोकळ्या सपाट जागेवरच्या रेषाही जातात आणि पट्टा फिरतच नाही. चांदी पांढरी दिसते, चकाकते, पण उजेड सगळीकडून एकसारखा परततो.

अक्कांच्या रुपयावर पट्टा फिरत नव्हता. कुठल्याही कोनात नाही. उलट भिंगाखाली गालापासून थेट मोकळ्या जागेपर्यंत एकाच दिशेनं गेलेले केसाएवढे ओरखडे दिसले. वापरातले ओरखडे वाट्टेल त्या दिशेचे असतात, काही खोल, काही उथळ. एकाच दिशेचे, समांतर आणि उंचसखल दोन्हीकडं सारखे ओरखडे म्हणजे कुणीतरी कापडानं किंवा बोटानं घासलेलं आहे. अक्षरांच्या कडेला आणि मुकुटाच्या खाचांत पिवळसर तांबडा थर घट्ट बसला होता. हळदकुंकू आणि चिंचेचा कोळ. बोट जिथं पोचतं ते लख्ख, जिथं पोचत नाही तिथं मळ. घासलेल्या नाण्याची ही खूण फोटोतसुद्धा दिसते. धाकट्यानं फोटो खिडकीच्या मऊ उजेडात काढला होता आणि हल्लीचे मोबाइल बारीक रेषा आपणहून गुळगुळीत करतात, म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी त्याला सांगितलं, एका दिव्याखाली नाणं फिरवतानाचा व्हिडिओ त्या खरेदीदाराला पाठव आणि हाच दर्जा, हाच आकडा नाणं हातात आल्यावर कायम राहील का ते लेखी विचार.

घासताना नेमकं काय होतं? चांदीवरचा काळा थर बाहेरून येऊन बसलेला नसतो. हवेतल्या गंधकाशी नाण्याचीच वरची चांदी जोडली जाते आणि तिचं सिल्व्हर सल्फाइड बनतं. चिंचेतल्या आम्लानं आणि रांगोळीच्या पुडीनं तो थर काढला की त्याच्यासोबत नाण्याची ती चांदीही जाते, बारीक रेषांसकट. पुढच्या वर्षी पुन्हा काळं होतं, पुन्हा घासलं जातं. सराफाकडं तेजाबात बुडवून उजाळा दिला तर हेच काम काही क्षणांत होतं. पुसलेल्या रेषा कुठल्याही उपायानं परत येत नाहीत.

अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे अव्वानं घासून घासून वाटोळं केलं, असं म्हणायचं का ओ?’

तसं मुळीच म्हणायचं नव्हतं, आणि मी ते तिथंच स्पष्ट केलं. त्यांच्या आईनं तो रुपया संग्रहासाठी ठेवला नव्हता. तिच्या लेखी ती लक्ष्मी होती आणि लक्ष्मी पाटावर बसवायची तर चिंचेनं लख्ख करूनच. सोलापुरातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतले चांदीचे रुपये अशाच हातांनी टिकले आहेत. ते हात नसते तर हे नाणं कधीच मुशीत गेलं असतं. बाजाराचा नियम वेगळा आहे आणि तो आईनंतर आला, एवढंच.

दर्जाच्या निर्णयात मात्र घासण्याचा आणखी एक परिणाम धरावा लागला. इतक्या दिवाळ्यांच्या घासण्यानं गालाचा उठावही कमी झालेला असणार. त्यातला किती बाजारातल्या हातांनी गेला आणि किती देवघरात, हे आता वेगळं काढता येत नाही. जे शिल्लक आहे त्यावरच दर्जा द्यायचा. म्हणून ३५ आणि ४० मधला खालचा आकडा घेतला. अमेरिकेतल्या दर्जा देणाऱ्या संस्था अशा नाण्याला सरळ आकडा देत नाहीत. ‘डिटेल्स’ असा शेरा देऊन पुढं ‘क्लीन्ड’ लिहितात. आम्हीही तीच पद्धत घेतली: तपशील व्हेरी फाइन ३५, पृष्ठभाग घासलेला.

आणि ‘संग्राहक याला हात लावत नाहीत’ हे तिसरं मत? नेहमी मिळणाऱ्या सालाचा रुपया असता तर ते जवळपास खरं ठरलं असतं, कारण तसा न घासलेला नग सहज मिळतो. १९११ चं तसं नाही. ज्यांना राजवार मालिका पुरी करायची असते पण चांगल्या नगाचे पैसे द्यायचे नसतात, ते घासलेला नग आनंदानं घेतात. किंमत घटते, पण चांदीच्या भावाला येऊन टेकत नाही.

कागदात गुंडाळलेला

डब्याच्या तळाशी एक रुपया जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. तो पूजेत कधीच मांडला जात नसे. का, ते अक्कांनाही माहीत नव्हतं. अण्णांनी कागद उलगडला, तपकिरी काळपट रुपया पाहिला आणि पंचाच्या टोकानं पुसायला घेतला. मी त्यांचा हात धरला. त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगी काम बहुधा तेच.

साल १९१८. काठाकडं निळसर जांभळी झाक, आत तपकिरी, मध्ये फिकट सोनेरी. जुन्या कागदातल्या गंधकानं हळूहळू चढलेला हा थर फार पातळ असतो. त्याच्या जाडीनुसार उजेडाचे रंग बदलतात. दिव्याखाली तिरपं केलं आणि त्या काळपटपणाखालून उजेडाचा पट्टा फिरला, काठापासून काठापर्यंत. अक्का पटकन पुढं झुकल्या, ‘हे तर आतून उजळतंय की!’

आता खरा कस इथं होता: न फिरलेलं, की अगदी थोडं फिरलेलं? माझे सोबती म्हणाले, अनसर्क्युलेटेड. गालावर एक फिकट डाग होता. त्यांच्या मते तो थैलीतला. नवी नाणी टाकसाळीतून थैल्यांत भरून जात, एकमेकांवर आपटत आणि घासत, त्यामुळे न वापरलेल्या नाण्यालाही ठेचा असतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

दुसरी शक्यता कमकुवत ठशाची. साच्यात दोन्ही बाजूंचे खोल भाग समोरासमोर आले की दोन्हीकडं भरायला धातू कमी पडतो आणि उंचवटा पुरा उमटतच नाही. नवखा माणूस त्याला झीज समजतो. ओळखायची रीत अशी: ठसा कमी पडलेला असेल तर तिथं तपशील नसतो, पण चमक असते. झीज असेल तर चमकच तुटते आणि रंगही बदलतो, कारण त्या जागी वरचा थर निघून करडी, मंद चांदी उघडी पडते. कानाच्या पाळीवर तपशील जरा कमी होता, पण उजेडाचा पट्टा तिच्यावरून न अडखळता गेला. तिथं ठसा कमकुवत होता. गालावर मात्र पट्टा तुटला.

मग राहिली थैली. थैलीतल्या ठेचा कुठंही पडतात. त्यांना कडा असतात, मोकळ्या जागेवरही त्या दिसतात. फिरण्यानं झालेली झीज फक्त उंचवट्यांवर आणि दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर असते. नाणं उलटवलं. कमळाच्या दोन पाकळ्यांच्या कडांवर आणि गुलाबाच्या मध्यभागी तसाच करडा मंदपणा होता, आणि मोकळ्या जागेत ठेचा जवळजवळ नव्हत्याच. दोन्ही बाजूंचे उंचवटे साक्ष देत होते. माझ्या सोबत्यांनी स्वतः भिंग घेऊन पाकळ्या पाहिल्या आणि मान्य केलं. नोंद झाली: अबाउट अनसर्क्युलेटेड ५५, मूळ चमक, नैसर्गिक रंग, घासलेलं नाही.

दर्जानं हा रुपया १९११ च्या कितीतरी वर. बाजारात मात्र याला त्यापेक्षा कमी पैसे येणार, हे घरच्यांना पटवायला वेळ गेला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची प्रचंड टंचाई झाली. १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा करून २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटननं हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी विकत घेतली. १९१८ या एका सालाचे रुपये दोन्ही टाकसाळींत मिळून ४० कोटींच्या वर पडले. अशा सालाचा चांगला नगही दुर्मीळ म्हणता येत नाही. मला स्वतःला डब्यातलं सगळ्यात सुंदर नाणं हेच वाटलं आणि मी तसं सांगितलंही, पण किंमत माझ्या आवडीवर ठरत नाही.

धाकट्याला दोन्ही रुपये अमेरिकेला पाठवून तिथल्या संस्थेकडून सीलबंद करून आणायचे होते. त्याला थांबवावं लागलं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तूत धरलं जातं आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची खासगी माणसाला मुभा नाही. १९११ च्या रुपयानं ती मर्यादा २०११ मध्ये ओलांडली आणि १९१८ च्या रुपयानं २०१८ मध्ये. ‘कुरिअरनं जातंय, सगळे पाठवतात’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये.

कागदावर

दोन स्वतंत्र नोंदी केल्या. प्रत्येकीत साल, टाकसाळ, वजन, व्यास, तपशिलाचा दर्जा, पृष्ठभागाची स्थिती आणि आमच्या दोघांच्या सह्या. सोबत एका दिव्याखाली दोन कोनांतून काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो. ‘घासलेला’ हा शब्द पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात. विकताना तो लपवला तर नाणं परत येतं आणि नावही जातं.

जपणुकीबद्दल एवढंच लिहिलं: मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून तेलकट हिरवा थर सुटतो आणि सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात तो लवकर सुटतो. रबरबँड नको, लोकर नको, दोन्हींत गंधक असतं. मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेल्या कागदी चौकटी वापराव्यात. आपली हवा कोरडी असल्यानं पावसाळ्यापुरती सिलिका जेलची पुडी पुरते. कुंकवाचा थर तसाच राहू द्यावा. तो काढायला जाणं म्हणजे पुन्हा घासणंच.

खरेदीदाराचं उत्तर चार दिवसांनी आलं. व्हिडिओ पाहून त्यानं ‘अनसर्क्युलेटेड’ हा शब्द मागं घेतला आणि आकडा बराच खाली आणला. त्याखेरीज नोंद दाखवून आणखी दोन व्यापाऱ्यांकडून भाव घेतले. तीनही आकडे आता जवळजवळ आले होते, सराफाच्या आकड्याहून बरेच वर. त्यांचा मध्य धरून अक्कांनी १९११ चा रुपया स्वतःकडं ठेवला आणि भावांचा वाटा पैशांत दिला. तो पूजेत मांडायचा की चौकटीत ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न. नाणं आधीच घासलेलं असल्यानं पाटावर ठेवून त्याचं काही बिघडणार नाही, फक्त चिंच लावू नये, एवढं मी सांगितलं. १९१८ धाकट्यानं मागून घेतला.

बाकी नऊ रुपयांना फार वेळ लागला नाही. दोन राणीछाप होते. त्यांच्या वरच्या काठावर कडीचा टाका काढल्याची खूण होती आणि तिथले दाते कानशीनं बुजलेले. कधीकाळी ते माळेत ओवलेले असणार. अण्णांनी ते आजीची आठवण म्हणून घेतले. चार पंचम जॉर्जचे, नेहमीच्या सालांचे, पुरते घासलेले. तीन सहाव्या जॉर्जचे, १९४२ ते १९४४ चे. त्यांत चांदी निम्मीच असते, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त, पण वजन तेच ११.६६ ग्रॅम. म्हणून हे सात रुपये सराफाकडं एकत्र तोलू नका, चार आणि तीन असे वेगळे तोला, असं बजावलं. अण्णांनी ते तसेच तोलून घेतले आणि वाटणीच्या कागदावर त्याच संध्याकाळी तिघांच्या सह्या झाल्या.